पहिल्याच हाकेला

"नको! त्याच्या हाताचा आधार मला नको!"

धाकट्याचा आवाज असा काही कडाडला, की वहिनीच्या हातातल्या पेल्यातले दूध हिंदकळले. बैठकीच्या खोलीत दादाने स्वतः स्क्रू पिळून बसवलेल्या दोन लाकडी दांड्यांमध्ये धाकटा उभा राहू पाहत होता. त्याचा तोल गेला आणि दादा, आपल्या अधू पायाचीही पर्वा न करता, हात पुढे करून धावला. तो हात तसाच अधांतरी राहिला... धाकटा जमिनीवर कोसळला, पण त्याने तो हात धरला नाही!

दादाने हात मागे घेतला, काठी उचलली आणि तो मागच्या व्हरांड्यात निघून गेला.

वहिनी लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दीर शाळेत जाणारा पोरका मुलगा होता. आईची माया तिनेच त्याला दिली, आणि लाडही तिनेच केले. जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला "आलो", दुसरीला "आलो म्हटलं ना!" आणि तिसरीला स्वारी हजर! "आले बरं का आमचे तिसऱ्या हाकेचे पाहुणे," असे म्हणत ती ताट पुढे सरकवायची. दादा मात्र कपाळाला आठ्या घालायचा. "अगं, लाडावून ठेवू नकोस त्याला. आमच्या कामात तिसरी हाक ऐकायला माणूस उरत नाही!"

दादा लढाऊ विमानाचा वैमानिक, पुढे प्रशिक्षक झाला. धाकटाही त्याच वाटेने गेला. एके दिवशी धाकट्याचा नेहमीचा प्रशिक्षक तापाने फणफणला आणि त्याच्याऐवजी मागच्या आसनावर दादा बसला. विमानाने जमीन सोडली न सोडली तोच पाखरांचा थवा इंजिनात खेचला गेला आणि ते बंद पडले. खाली झाडांचे शेंडे... त्या विमानात मागच्या आसनाजवळची मूठ ओढली की दोन्ही आसने माणसांसकट बाहेर फेकली जात. दादाने ती ओढली. छत्र्या धड उघडल्याही नव्हत्या, इतक्यात जमीन अंगावर आली. दादाचा पाय चिरडला. धाकट्याचा कणा मोडला. चालू शकेल कदाचित, पण विमान पुन्हा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

धाकट्याला आठवत होते ते एवढेच, की इंजिन पुन्हा सुरू करायच्या बटणावर त्याचे बोट होते आणि इंजिन गुरगुरले होते!

"एक क्षण, वहिनी! एकच क्षण धीर धरला असता तर मी विमान सुखरूप आणलं असतं! घाई केली त्यानं... घाबरला! आपला जीव वाचवायला माझं आयुष्य मोडलं!" जमिनीवरून तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विखार होता. "आणि तू? तू माझी आई असतीस ना, तर त्याला कधीच घराबाहेर काढलं असतंस!"

त्या शब्दांनी वहिनीच्या काळजाचे पाणी पाणी झाले. सत्य अगदी ओठांवर आले होते... इस्पितळात भिंतीकडे तोंड करून दादाने तिला सांगितलेले सत्य.

"बाहेर पडताना पाठ टेकलेली हवी, मान ताठ हवी, नाहीतर कणा जातो," तो म्हणाला होता. "मी ओरडलो, पाठ टेक! तो बटणाशी झटत वाकलेलाच. पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो... पहिल्याच हाकेला मूठ ओढायला हवी होती मी! पण त्याची मान खाली होती गं, कशी ओढू? शेवटी झाडंच समोर आली, आणि तो तसाच वाकलेला असताना..." मग तिचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "त्याला सांगायचं नाही. माझ्यावरच्या रागानं तो उभा राहील. पण स्वतःवर राग धरला, तर अंथरूण सोडणार नाही. माझी शपथ आहे तुला!"

अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या हाका विमानातल्या ध्वनिफितीवर ऐकल्या होत्या. त्यांच्याकडूनही दादाने हेच वचन मागून घेतले होते.

वहिनीने ओठांवरचे सत्य गिळले आणि पदराने डोळे कोरडे केले. आपण केलेल्या लाडांची ही किंमत, हा सल तिच्या मनात अहोरात्र होताच. आता मागे हटायचे नाही, हा निर्धारही होता. "ऊठ," ती म्हणाली. "दूध पी आणि परत उभा राहा. रडायला मला वेळ नाही, अन् रुसून बसायला तुला नाही!"

तो उभा राहिला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, रोज. दादाला दाखवून द्यायचे या एका ईर्ष्येने तो दातओठ खात पाऊल टाकी, आणि दाराआडून दादा ते पाऊल डोळे भरून बघे.

काठीच्या आधाराने तो घराबाहेर पडू लागला तेव्हा प्रशिक्षण केंद्राने त्याला नवशिक्यांना शिकवायला बोलावले. तिथे सरावासाठी जमिनीवरच ठेवलेली विमानाची खोटी खोली होती, समोर पडदा. पहिल्या दिवशी वहिनी सोबत गेली आणि काचेपलीकडच्या बाकावर बसली.

"शिकवण्याआधी एकदा तुमचाही सराव होऊ दे," म्हणत तिथले परीक्षक त्याच्या मागच्या आसनावर बसले. पडद्यावर विमान उडाले, झाडे दिसली, इंजिन बंद पडले.

"पाठ टेक!" मागून हाक आली.

धाकट्याचा हात विजेसारखा बटणाकडे गेला. पाठ वाकली, मान खाली गेली.

"पाठ टेक!... पाठ टेक!"

पडदा लाल झाला. परीक्षक मायेने म्हणाले, "वाकला होतात तुम्ही. पहिल्या हाकेला मूठ ओढली असती तर तुमची पाठ गेली असती. तुमच्यासाठी तिसरीपर्यंत थांबलो, म्हणून आपण दोघंही गेलो. खऱ्या विमानात इतकं कुणी थांबत नाही."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. बटणावरचे आपलेच बोट तो परक्याचे असावे तसे बघत राहिला.

परतताना गाडीत त्याने विचारले, "वहिनी... दादानं किती हाका मारल्या होत्या?"

शपथेने तिचे ओठ बांधले होते. पण डोळ्यांना कुठली शपथ! ते वाहू लागले. "मला एक सांग," ती कशीबशी म्हणाली, "तू जेवायला कितव्या हाकेला यायचास रे?"

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले आणि तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. घर आले तशी त्याने वहिनीची वाट पाहिली नाही. दार उघडून तो काठी टेकत आत गेला.

बैठकीच्या खोलीत दादा जमिनीवर बसून आता नको असलेल्या त्या दांड्यांचे स्क्रू काढत होता. पाय आखडल्याने त्याला उठता येईना. पाठमोराच तो म्हणाला, "अगं, आलीस का? जरा हात दे..."

वाक्य पुरे व्हायच्या आत एक हात पुढे आला.

दादाने वळून पाहिले. तो हात धाकट्याचा होता, आणि ठाम होता. त्याला धरून दादा उठला, आणि उठल्यावरही धाकट्याने हात सोडला नाही.

"दादा, तू घाई नाही केलीस... उशीर केलास! माझ्यासाठी मरायला थांबलास!"

दादाने दारात पोचलेल्या वहिनीकडे रोखून पाहिले. "हिनं सांगितलं?"

"माझ्या पाठीनं सांगितलं! आता मी मोडणार नाही, दादा. उद्यापासून शिकवायला जाणार. एकेकाला पहिल्या हाकेला पाठ टेकायला लावीन... तू फक्त मला माफ कर!"

दादाने त्याला छातीशी धरले, अगदी अलगद, त्याच्या पाठीला जपत.

वहिनी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. तिने तीन ताटे वाढली आणि हाक मारली, "जेवायला या रे!"

सवयीने ती दुसरी हाक मारायला वळली, तर दारात दोन काठ्या टेकत दोघे भाऊ उभे होते, आणि धाकटा पुढे होता.