फुआतिनोचं मत

शुक्रवारी राजधानी आपियाहून निघालेल्या बसच्या ताडपत्र्यांवर पाऊस ताडताड आपटत होता आणि मी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून कशीबशी उभी होते.

"बसा ना." खिडकीजवळचा तरुण उठला. "गर्दीत मांडीवर बसवून घ्यायची पद्धत आहे आपल्याकडे, पण... तुमचे भाऊ किती धिप्पाड आहेत, ते मला ठाऊक नाही."

मागच्या बायका खिदळल्या. माझे कान तापले.

गठ्ठ्यावरचं पान त्याने वाचलं. त्या वर्षी अख्ख्या सामोआत एकच वाद पेटला होता. संसदेच्या निवडणुकीत आजवर मत देता यायचं ते फक्त मताईंना, म्हणजे घराण्याची पदवी मिळालेल्या प्रमुखांना. एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांनाच ते द्यायचं का, यावर ऑक्टोबरात सार्वमत होतं, आणि त्यात मात्र सगळ्यांना मत होतं. मी गावच्या शाळेत शिकवायचे, आणि शाळा सुटली की बायकांना हे समजावत हिंडायचे.

"म्हणजे तुम्ही आमचं राज्य बुडवणार!" तो हसला. "मी औकुसो. मताई आहे, बरं का. तीन महिने झाले."

"तीनच? म्हणजे पुढच्या निवडणुकीत कुणाचं तरी मत वाढवायला बनवलेले दिसता."

त्याचं हसू विझलं.  मी स्वतःला शिव्या घातल्या.

पुढच्या शुक्रवारी त्याने शेजारची जागा धरून ठेवली होती.

"माफी मागायला बसताय?"

"भांडायला."

"मग सावकाश भांडा. माझं गाव लांब आहे."

असे किती शुक्रवार गेले... तो उतरला की बस रिकामी वाटायची.

आणि मग आमच्या चर्चच्या पाद्रीबाईंनी त्याच्या नि माझ्या गावाचा जाहीर वादविवाद ठेवला. बदलाच्या बाजूने मी, विरुद्ध औकुसो. त्याला उभं केलं होतं त्याच्या काकांनी. त्यांना संसदेत जायचं होतं आणि औकुसोची पदवीही त्यांनीच दिलेली.

"त्यांना हवं ते बोललो नाही, तर पदवी काढून घेतील," आदल्या दिवशी बसमध्ये तो म्हणाला. "घरातही राहता येणार नाही."

"मग... बोला त्यांना हवं ते."

"आणि तुम्ही पुन्हा या जागेवर बसाल?"

तेवढ्यात त्याचं गाव आलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तो माझ्याविरुद्ध बोलेल याची भीती होतीच. बोलणार नाही याची त्याहून जास्त.

सभागृहात पहिल्या रांगेत माझे बाबा बसले होते. तेही मताई, आणि बदलाचे कट्टर विरोधक. मी काय बोलले ते मला आठवत नाही. औकुसो उठला.  हातातला कागद त्याने घडी करून खिशात ठेवला.

"काकांनी एकाच सकाळी आम्हा अकरा जणांना पदव्या दिल्या," तो म्हणाला. "मला मत मिळालं. माझी आई तीस वर्षं हे घराणं सांभाळतेय... तिला नाही. याच्या बाजूने कसं बोलू?"

 काका उठून चालते झाले.

त्यानंतरच्या दोन शुक्रवारी तो बसमध्ये नव्हता. पदवी गेल्याचं कानावर आलं. कुणी म्हणालं न्यूझीलंडला निघाला, कुणी म्हणालं आजारी आहे. वर्गात मी सात आणि आठ सोळा करत होते.

सार्वमताच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थनेचा शंख झाला आणि गावचा रस्ता थांबला; दुसरा शंख होईपर्यंत कुणी चालायचं नसतं. आमच्या घराला भिंती नाहीत. स्तोत्र म्हणता म्हणता मान वळली, तर रस्त्याकडेला भर पावसात औकुसो बसलेला! प्रार्थना संपेपर्यंत त्याला पाऊल उचलता येत नव्हतं, मला सूर सोडता येत नव्हता. बाबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. 

दुसरा शंख झाला. मी धावलेच.

"आता मी मताई नाही," तो उठला. "मामाकडे राहतो, मासे विकतो. निवडणुकीतलं मतही गेलं. उद्या तुमची बाजू जिंकली, तर परत मिळेल."

"आणि हरलो तर?"

"तर दोघंही बिनमताचे. जोडी शोभेल... फुआतिनो, लग्न करशील माझ्याशी?"

त्याने पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं होतं. 

"ए पोरी!" आतून बाबा गरजले. "उद्या मी 'नाही'वरच खूण करणार, त्याला सांग! आणि आत घे त्याला. नारळाच्या दुधातलं अळू निवतंय."

औकुसो हसला नाही. ओठ निळे पडले होते त्याचे.

"घाई नाही. निकाल लागेपर्यंत थांबतो मी."

"मी नाही थांबणार," मी त्याचा गार हात धरला. "माझं 'हो' आहे. चल, बाबा जेवायचे थांबलेत."