चौदा नंबरचा चौकोन

त्या वर्गाला दोन दारं होती आणि दोन्ही एकाच वेळी उघडली. एका दारातून मी आत शिरले, धापा टाकत. दुसऱ्यातून तो, निथळती छत्री अंगापासून लांब धरून. बाकं भिंतीला सरकवलेली, जमिनीवर खडूने चौकोन आखलेले आणि प्रत्येक चौकोनात कुणीतरी हातात पाटी घेऊन उभं. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "सॉरी, चुकीच्या वर्गात आलो बहुतेक…"

"वर्ग बरोबर आहे, वेळ चुकली," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे शिकायचंय ना? असेम्ब्ली लँग्वेज? मग पहिला महिना मशीनला हात लावायचा नाही. आधी आपणच मशीन व्हायचं. उशिरा आलेल्यांना उरलेल्या जागा."

फळ्याजवळचा मोठा चौकोन माझ्या वाट्याला आला. ते होतं रजिस्टर ए, म्हणजे मशीनचा कामाचा हात. मागे रांगेने मांडलेले छोटे चौकोन म्हणजे मेमरी. तिथे आकडे ठेवलेले असतात. त्यातला चौदावा त्याला मिळाला. पाटीवर दोनच घरं आखलेली, दोन आकडे मावतील एवढी. नियमही साधे होते. मेमरीने चौकोन सोडायचा नाही. जायचं ते रजिस्टरने. आणि मशीन कधी गप्पा मारत नाही.

वर्गाची मॉनिटर वाचू लागली, "लोड ए, चौदा."

मी गेले. त्याच्या पाटीवर नऊ होता. मी माझ्या पाटीवर नऊ लिहिला, वर बघितलं… तोही बघत होता. मी वळले, तेवढ्यात त्याने शर्टाच्या बाहीने आपली पाटी पुसून टाकली.

"चौदा नंबर, का पुसलंस?"

"दिला ना तिला, मॅडम."

"दिला म्हणजे तुझ्याकडचा गेला का?"

त्याने खरोखरच विचार केला. "जातो ना?"

वर्ग खो-खो हसला. मीही हसले. पण थोड्याच वेळात तो नऊ पुन्हा लागला, चौदाकडे कोरी पाटी, आणि आमचं अख्खं मशीन जागच्या जागी बसलं. मॅडम मात्र शांत होत्या. "लोड म्हणजे उचलून नेणं नाही. बघायचं आणि आपल्याकडे उतरवून घ्यायचं. मूळ आहे ते जिथल्या तिथे राहतं."

त्या दिवसापासून तो सगळ्यांचा चौदा झाला आणि मी उशीरबाई. जिन्यात त्याने मला गाठलं.

"तू हसलीस."

"सगळेच हसले की."

"सगळ्यांचं मला काही वाटलं नाही."

एरवी माझं तोंड कधी बंद नसतं. आत्या म्हणते, ही पोरगी मुक्याला बोलतं करील. पण त्या जिन्यात मला एक अक्षर सुचलं नाही, आणि याचाच मला राग आला.

मग कॅन्टीनच्या खिडकीजवळचं टेबल आमचं झालं. मी बोटांवर शून्य-एकची बायनरी मोजायची आणि हमखास चुकायची. तो माझं एक बोट उघडायचा, एक मिटायचा, आणि हात जरुरीपेक्षा थोडा उशिरा सोडायचा. मी मुद्दाम चुकते असं त्याला वाटत होतं. सुरुवातीला तरी ते खोटं होतं.

त्या खिडकीतून नदी दिसायची आणि नदीवरचा अर्धा पूल. दोन्ही काठांवरून दोन हात पुढे आलेले आणि मध्ये मोकळी हवा. त्या पुलावरची क्रेन त्याचे बाबा चालवायचे.

"पूल झाला की आम्ही निघतो," तो म्हणाला. "जिथे पूल, तिथे घर. लहानपणापासून हेच."

"आणि मित्र?"

"नवीन गाव, नवीन सिम. जुने नंबर काढून टाकतो." दात घासण्याबद्दल बोलावं तसा तो बोलत होता. "आधी ठेवायचो गं. मग फोन कमी व्हायचे, मग बंदच… वाट बघत बसायला नको वाटतं. त्यापेक्षा आपणच पुसलेलं बरं."

पाटी का पुसली होती ते मला तेव्हा कळलं. आणि आणखीही एक कळलं, की गावातला प्रत्येक माणूस त्या पुलाची वाट बघत होता, आणि मी एकटी रोज खिडकीशी येऊन मधली मोकळी हवा शिल्लक आहे ना, ते बघत होते. तो मला आवडत होता. उगाच आढेवेढे कशाला घेऊ.

आत्याचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी तिच्याकडेच राहते. चौदा आधी पँट आखूड झाली म्हणून आला. ते ठीक होतं, त्याला उंची होती. मग चेन बिघडली म्हणून आला. मग एक शर्ट घेऊन आला. आत्याने चष्मा खाली सरकवून शर्ट उलटासुलटा केला.

"काय करायचंय याचं?"

"बटणं… जरा सैल वाटतात."

"उद्या ये."

तो गेल्यावर तिने एकेक बटण ओढून बघितलं आणि शर्ट माझ्या अंगावर टाकला. "ही बटणं या शर्टापेक्षा जास्त टिकतील. पोरगा बटणांसाठी येत नाही. काय ते तू बघ."

मी काहीच बघितलं नाही. नुसती इस्त्री केली, दोनदा.

आणि मग एका सकाळी खिडकीतून मोकळी हवा दिसली नाही. पूल जुळला होता. नदीकाठी लोक फोटो काढत होते. चौदा माझ्यासमोर बसून चहाचा कागदी कप गोल-गोल फिरवत होता.

"शनिवारी निघतोय. तिकडच्या कॉलेजचे कागद झाले."

"बरं," मी म्हणाले.

"बरं?"

"मग काय म्हणू?"

"नाही… बरोबर आहे," तो म्हणाला आणि त्याने चहा न पिताच कप कचऱ्यात टाकला.

घरी आत्या शिलाईवरून मान वर न करता म्हणाली, "बोललीस?"

"जाणाऱ्याला काय बोलायचं? त्याच्या पायात बेडी घालू का?"

"बेडी घाल म्हणून कोण सांगतंय? सांग आणि जाऊ दे. त्याचं तो बघेल. पण न सांगता गेला ना, तर पुढे मशीनवर बसून तू चुकीच्या शिवणी घालशील, आणि उसवाव्या मला लागतील."

मी हसले, पण आतून रडायलाच आलं होतं.

शुक्रवारी मॅडमनी पुन्हा चौकोन आखले. या वेळी प्रोग्रॅम आमचे होते. ज्याने लिहिला त्यानेच रजिस्टर व्हायचं. माझा अगदी साधा होता. चौदामधला आकडा पुन्हा पुन्हा ए मध्ये मिळवायचा. अजून किती फेऱ्या उरल्या ते पंधरा नंबरच्या पाटीवर असणार. ती पाटी शून्यावर आली की थांबायचं. चौदामध्ये कुठला आकडा घ्यायचा ते मी त्याच्यावरच सोडलं होतं.

"ॲड ए, चौदा," मॉनिटर म्हणाली.

मी गेले. त्याने नऊ लिहिला होता. पहिल्या दिवसाचा नऊ. मी तो मिळवला, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. तिसऱ्या वेळी माझं लक्ष पंधरा नंबरच्या मुलीकडे गेलं. ती जांभया देत होती. तिची पाटी जशीच्या तशी. प्रत्येक फेरीला तिचा आकडा एकने कमी करायची ओळ मी लिहिलीच नव्हती. आदल्या संध्याकाळी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, त्याचा हा प्रसाद. हा प्रोग्रॅम आपणहून कधीच थांबणार नव्हता.

चौदाच्याही ते लक्षात आलं होतं. ओठ न हलवता तो पुटपुटला, "फेऱ्या कमी होत नाहीयेत तुझ्या."

"कळलं मला," म्हणून मी परतले.

पुढच्या फेरीला तो म्हणाला, "मग सांग ना मॅडमना."

"नाही सांगत."

त्याच्या पुढच्या फेरीला, "का?"

"सांगितलं तर थांबावं लागेल."

माझ्या पाटीवरचा आकडा फुगत चालला होता. कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हाताची घडी घालून खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी मॉनिटरला थांबवलं नाही.

"उद्या तू सगळं पुसणारच आहेस," मी म्हणाले. "त्याआधी एक ऐकून—"

"ॲड ए, चौदा," मॉनिटर म्हणाली, आणि उरलेलं वाक्य घेऊन मला फळ्यापर्यंत जाऊन यावं लागलं. एवढं लांब मी आयुष्यात कधी चालले नव्हते.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले आणि वळले. मागे बघितलं नाही.

परत आले तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि पाटी त्याने छातीशी धरली होती. ती खाली करायचंही त्याला सुचलं नाही.

"मला लांबून काही टिकवता येत नाही गं," तो म्हणाला. "कधी जमलंच नाही."

"राहा म्हणत नाहीये मी…" मी पुढच्या फेरीला म्हणाले. "जा. फक्त पुसू नकोस."

परतून पुढचा नऊ मिळवायला गेले, तर माझ्या पाटीवर आधीच नव्याण्णव होते. घरं दोनच. आता काहीही मावणार नव्हतं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "काय चुकलं?"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले.

"उशीरबाई, तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या फेरीला, मॅडम."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतच होते, मॅडम."

छत कोसळेल एवढं हसू फुटलं. मॅडमही फळ्याकडे तोंड करून उगाचच काहीतरी पुसत राहिल्या. तास संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पाट्या पुसून टेबलावर रचल्या. चौदा शेवटी आला. नऊ तसाच होता.

"मॅडम, ही पाटी मी नेऊ?"

"पाटी कॉलेजची आहे," मॅडम म्हणाल्या. "आकडा ने. इथला तरीही राहील."

शनिवारी ते लोक गेले. मी निरोप द्यायला गेले नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं. रविवार गेला, सोमवार गेला. फोन वाजला नाही. आत्याने काही विचारलं नाही, फक्त मला शिलाईला बसू दिलं नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मी एकटीच आमच्या टेबलाशी बसले होते. पुलावरून कामगारांच्या पहिल्या गाड्या धावत होत्या. फोन थरथरला. पडद्यावर त्याचा जुना नंबर.

"हॅलो… नवीन सिम मिळालं नाही का?"

"मिळालं. खिशात आहे." मागे कुठेतरी क्रेनचा आवाज येत होता. "दोन दिवस बसून विचार करत होतो. घालू की नको."

"आणि जुनं?"

"जिथल्या तिथे."

मी खिडकीतून पुलावरच्या गाड्या मोजू लागले.

"उशीरबाई? मलाही त्या दिवशी काहीतरी सांगायचं होतं… पण मेमरीला चौकोन सोडायची परवानगी नव्हती."

"आता सोडलायस की चौकोन," मी म्हणाले. "बोल."

तो बोलला. बराच वेळ बोलला, आणि पुढच्या तासाला मला उशीर झाला.