सातव्या दरवाजाची डिस्क

"डिस्क चोरीला गेली," म्हणत भगीरथ खर्डी स्टेशनाबाहेरच्या आपल्या फोटोच्या दुकानात मटकन खाली बसला.

याच गाळ्यात एके काळी संगणकावरचे मराठी साहसखेळ करणारी पहिलीवहिली कंपनी होती, डोंगरवाट. 'सिद्धगडचा सातवा दरवाजा' इथंच जन्मला. दरवाजा कसा उघडायचा हे विचारायला लांबलांबून पोरांची पत्रं यायची. मग मोबाइल आला, माणसं पांगली आणि मालक भगीरथ लग्नातल्या हळदीचं शूटिंग करू लागला. आता बंगळूरची एक कंपनी तो खेळ नव्यानं काढणार होती. पण मूळ कोड एकाच हार्ड डिस्कवर होता.

ती ठेवायच्या कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक भगीरथकडे, दुसरी जगनकडे. खेळाची ओळ न् ओळ लिहिणाऱ्या जगनलाच पोलीस संध्याकाळी नेणार होते.

जगननं बोलावलेली कमळ गोजर शहापुरात खाजगी तपास करायची. तिला रिक्षातून फिरवणाऱ्या प्रज्वलनं, तिच्या दिरानं, जगनला मनातल्या मनात केव्हाच आत टाकलं होतं.

"डिस्क शेवटची कधी पाहिलीत?" कमळनं विचारलं.

"परवाच. या मधल्या फळीवर," भगीरथ म्हणाला.

तिनं फळीवर बोट फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी धूळ होती. त्यात काय एवढं, हे प्रज्वलला कळलं नाही.

खेळाची चित्रं काढणारी मीना शेणव्याहून आली होती. "डिस्कच्या पाठीवर मी नेलपॉलिशनं वाघोबा काढलेला," ती म्हणाली. "राखण करंल म्हून."

जगन रडकुंडीला आला होता. "मी का चोरीन, ताई? भगीरथदादा माझा भाऊच. आठ वर्सांपूर्वी माझ्या हळदीला याच्याकडं एक रिकामी डिस्क नव्हती. तरी कुठून तरी आणली न् शूटिंग केलं."

प्रज्वल बाजूच्या मांडणीवरच्या शूटिंगच्या डिस्क न्याहाळत होता. "वहिनी, सगळ्या काळ्या न् ही एकच रुपेरी."

"भावजी, आज पहिल्यांदा कामाला आलात," कमळ म्हणाली. "चोरी झालीच नाही. परवा इथं डिस्क असती तर धुळीत तिच्याएवढी जागा कोरी दिसली असती. ती कित्येक वर्षं इथं नाही. मग परवा पाहिली असं खोटं का सांगितलंत, भगीरथभाऊ? जगनच्या हळदीला रिकामी डिस्क कुठून आणलीत?"



रुपेरी डिस्कवर चिठ्ठी होती, 'जगनची हळद'. कमळनं ती उलटी केली. पाठीवर अर्धा खरवडलेला लाल वाघोबा होता.

जगन सुटला, याचा प्रज्वलला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याला वाटलं, चोर सापडला असता तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, खेळ मेला. आता कोण इचारतंय," भगीरथ जगनकडे न बघता पुटपुटला. "बंगळूरवाले आले तवा तुला सांगायला तोंड नव्हतं."

"हळदीखालचा खेळ निघंल का रे?" मीनानं विचारलं.

"वरून अख्खी हळद भरलीय," जगन म्हणाला. "काय नाय उरलं." मग तो भगीरथकडे वळला. "मला इचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू शूटिंग नको बोलला असतास."

"हां. नकोच बोललो असतो."

जगननं खिशातली किल्ली काढली, धुळीच्या फळीवर ठेवली आणि तो दुकानाबाहेर पडला.