खिंडीत थबकणारा भुंग्या

भुंग्या तसा गुणी यंत्रकुत्रा. कळपामागं गुणगुणत धावायचा, चुकार कोकरू वळवून आणायचा. पण खिंड लागली रे लागली, की गडी जागच्या जागी ठप्प! जरा वेळानं पुन्हा चालू, जणू काही घडलंच नाही. त्या दिवशी नेमका तोच मोका साधून लांडग्यानं एक कोकरू पळवलं. बाणूचे बाबा भडकले. उद्या हा पुन्हा थांबला तर याला माघारी धाडायचं, असं त्यांनी बजावलं. बाणूच्या तोंडचं पाणीच पळालं. भुंग्यावर तिचा भारी जीव होता.

संध्याकाळी तिनं हिराआत्याला गाठलं. आत्या शास्त्रज्ञ, भुंग्या तिनंच बनवलेला. आत्यानं सांगितलं, की भुंग्याचा मेंदू त्याच्या डोक्यात नाहीच मुळी. तो असतो जवळच्या मोबाइल टॉवरखालच्या संगणकात, म्हणजे उत्तर झटकन मिळतं. खिंडीपलीकडे टॉवर बदलतो, मग मेंदूही तिकडे हलवावा लागतो. आणि तो होता आभासी यंत्रात (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला अख्खा दुसरा संगणक). हे धूड बंद करून पलीकडे न्यायचं, पुन्हा सुरू करायचं. तोवर भुंग्या थांबणारच की.

बाणू विचारात पडली. "आत्या, मुक्काम हलवताना आई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जाते. मेंढरं मागनं चरत येतात. त्यांना कुठं थांबवतो आपण?"

आत्या जाम खूश झाली. तिच्या डोक्यातही अगदी तेच होतं. तिनं आधी बोजा हलका केला. मेंदू कंटेनरमध्ये (लागणारा प्रोग्रॅम आणि त्याचं नेमकं सामान, एवढंच भरलेला डबा) घातला. बाकीचं पलीकडच्या संगणकाचंच वापरायचं. आता कळप खिंडीकडे वळला, की भुंग्या चालता चालताच त्याच्या आठवणींची नक्कल पुढं जाणार. तेवढ्यात जे बदललं, तेवढंच पुन्हा पाठवायचं. शेवटी उरेल चिमूटभर. थांबायचं ते तेवढ्यापुरतं, पापणी लवण्याइतकं.

दुसऱ्या दिवशी खिंड आली. झुडूप हललं. लांडगा! तो एका कोकरावर झेपावला, आणि भुंग्या न थबकता गर्रकन वळून कोकरापुढं आडवा उभा राहिला. लांडगा शेपूट घालून पळाला. बाणू आनंदानं नुसती उड्या मारत सुटली.

हीच युक्ती धावत्या रुग्णवाहिकेतल्या यंत्रांसाठीही वापरायची, असं आत्या सांगत होती. बाणूला तर तिच्याबरोबर आत्ताच निघावंसं वाटत होतं.

दुपारी बाबा जेवायला बसले, भाकरीचा तुकडा मोडला, आणि खऱ्या कुत्र्याला टाकायच्या सवयीनं भुंग्यापुढं टाकला.