दुसरी थाप

अखजीच्या सणाआधी घर राहण्याजोगं करायचं, एवढंच प्रेमसिंगच्या डोक्यात होतं. त्याची बायको कमलीबाई माहेरी बाळंत झाली होती आणि अखजीला लेकरू घेऊन येणार होती. प्रेमसिंग आणि त्याची आई हिरीबाई आजवर तांड्यावर चुलत्याच्या पडवीत राहत होते. आता चुलत्याला ती पडवी हवी होती. म्हणून कारंज्याच्या कापसाच्या जिनातून मागून आणलेली, वजन ओढायची चेनकुप्पी छकड्यात घालून प्रेमसिंग सकाळीच मानोऱ्याच्या रस्त्याकडेच्या आपल्या जुन्या घराकडे निघाला.

घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. आणि समोरच्या भिंतीत, तोंड घरात आणि पाठ अंगणात अशी रुतलेली, एका ट्रकची केबिन.

ट्रक त्याच्या बापाचा, हरिसिंगचा. लढाई संपल्यावर सरकारने लिलावात काढलेला, हिरव्या रंगाचा. एका दुपारी हरिसिंग तो अंगणात लावत होता. क्लीनर रामधन तोंडात बिडी धरून पुढे, गाडी आणि भिंतीच्या मधे उभा राहून बॉनेटवर थाप मारत इशारा देत होता. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे पुढे चल. हरिसिंग मरेपर्यंत सांगत राहिला की त्याने दोन थापा ऐकल्या. गाडी रामधनला घेऊनच भिंतीतून आत शिरली.

पुढे भंगारवाल्याने इंजिन, चाकं, मागचा सांगाडा सगळं नेलं. केबिन तेवढी राहिली, कारण भिंत फुटल्यावर छपराची तुळई तिच्या टपावर येऊन टेकली होती. घराला कुलूप लागलं. त्या दिवसानंतर हिरीबाईने मुसळ म्हणून हातात धरलं नाही. मिरच्या कांडायच्या झाल्या की शेजारणीकडे टोपली घेऊन जायची. हात दुखत असतील, असं प्रेमसिंग समजायचा.

मदतीला कोणी आलं नाही. सेवादास सुताराने सागाचा टेकू तासून दिला, पण अंगणात पाय ठेवला नाही. "तुया लेकराले घर पायजे का मोटार?" म्हणून हसला, आणि मग हळूच म्हणाला, "एकट्यानं करतो तर दिवसाउजेडी कर. अन तिले थापटू नोको."

प्रेमसिंगने टेकू तुळईखाली उभा केला, पाचर ठोकली. केबिनीच्या बुडाची माती उकरून काढली. पहारीने एकेक बाजू उचलून खाली गोल ओंडके सारले. केबिनीच्या पाठीला साखळी बांधून ती अंगणातल्या निंबाला लावलेल्या चेनकुप्पीत अडकवली. एवढ्यात ऊन डोक्यावर आलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरात मात्र गारवा होता, आणि जुन्या ग्रीसचा वास. त्या वासात कुठूनतरी बिडीचा वास मिसळला. प्रेमसिंग बिडी ओढत नव्हता.

तो आत, केबिनीच्या तोंडापुढे उभा राहून पहार लावत होता. पहारीवर सगळा भार टाकणार, तोच...

थप.

पत्र्यावर. हातोड्याचा नव्हे, तळहाताचा आवाज.

तो जागच्या जागी थांबला. त्या शांततेत त्याला माती सरकल्याचं ऐकू आलं. त्याने खाली पाहिलं. टेकूचा बुंधा उंदराच्या बिळावर होता आणि हळूहळू आत जात होता. पहारीला आणखी एक झटका दिला असता तर तुळई त्याच्या डोक्यात आली असती.

त्याने टेकूखाली चपटा दगड सारला, पाचर पुन्हा ठोकली. मग केबिनीकडे हात जोडले. "रामधनकाका," एवढंच म्हणाला.

बाहेर येऊन तो कुप्पीची साखळी ओढू लागला. केबिन वीतवीतभर मागे येत होती. तुळईखालून सुटली, फुटक्या भिंतीच्या पायापाशी आली आणि अडली. कितीही ओढा, हलेना. घामाने त्याचे डोळे भरले. साखळी थोडी ढिली सोडून तो केबिनीजवळ गेला, आणि लहानपणी बापाच्या गाडीला मारायचा तशा, सवयीने, तिच्या कुशीवर त्याच्या दोन थापा पडल्या.

केबिन हलली. पण निंबाकडे नाही, घराकडे. ओंडके आपोआप गरगरले, ढिली साखळी ताठ झाली, निंबाच्या फांद्या थरथरल्या आणि पिकला पाला त्याच्या अंगावर पडला. साखळी तटतटू लागली. काय करतोय हे कळायच्या आत त्याने एक थाप मारली.

केबिन थांबली.

त्यानंतर त्याने पत्र्याला हात लावला नाही. दिवस मावळायच्या आत केबिन निंबाखाली नेली, साखळीचे वेढे बुंध्याला घातले आणि कडी अडकवली. घरी कोणाला काही सांगितलं नाही. भंगारवाला अखजीनंतर येतो म्हणाला होता.

भिंत उभी राहिली, शेणाचा सडा पडला. कमलीबाई लेकरू घेऊन आली. त्याच तुळईला झोळी बांधली. दुपारी लेकरू झोपलं तसं तिने घराच्या मधोमध जमिनीत बसवलेलं उखळ पुसलं, त्यात मिरच्या टाकल्या आणि कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडलेलं मुसळ उचललं. हिरीबाई मागल्या दारी सुपात डाळ पाखडत होती, प्रेमसिंग झोळीपाशी बसला होता.

कमलीबाईने मुसळ डोक्याच्या वर नेलं.

थप.

अंगणातून, पत्र्यावरून. एकच.

मागे सूप पडलं. हिरीबाई धावत आली आणि खाली येणारं मुसळ तिने दोन्ही हातांनी अधांतरी धरलं. प्रेमसिंगने म्हातारीला असं धावताना कधी पाहिलं नव्हतं.

"सोडू नोको कमले... खाली येऊ देऊ नोको."

"काहून, याडी?" प्रेमसिंगने विचारलं. आईला तो याडीच म्हणायचा.

म्हातारीची नजर उखळावर होती.

"त्या दिवशी रामधननं एकच थाप देल्ली होती रे... दुसरा ठोका माया मुसळाचा होता."

लेकराच्या श्वासाने झोळी किंचित हलत होती. मुसळ जड होतं, चारही हातांतून खाली घसरू पाहत होतं. प्रेमसिंग पुढे झाला, त्यानेही मुसळाला हात लावला, आणि दारातून बाहेर पाहिलं.

सकाळी निंबाखाली साखळी सैल, जमिनीवर लोळत होती. आता ती घराकडे ताणून ताठ झाली होती. निंबाचा पिकला पाला केबिनीच्या टपावर एकेक करून पडत होता, आणि वारा मुळीच नव्हता.