दाखला येईस्तोवर

खोरो बेट त्या उन्हाळ्यात उइबानसकट समुद्रात गेलं. पण कागदोपत्री तसं काही घडलंच नव्हतं. लाप्तेव सामुद्रधुनीचा नवा नकाशा आला, त्यात खोरोच्या जागी पाणी होतं आणि पाण्यावर खोलीचा आकडा. जे बेट नाहीच, त्यावर माणूस मरेल कसा, असं जिल्हा कचेरीनं त्याच्या बहिणीला, तुयाराला कळवलं. मृत्यूचा दाखला मिळणार नव्हता.

तिथली बेटं अशीच. पोटात जुना बर्फ, वर वीतभर माती. ऊन लागलं की कडे ढासळतात. उइबान तिथल्या, जहाजांना वाट दाखवणाऱ्या दिव्याची बॅटरी बदलायला गेला होता, एवढंच.

समोरच्या किनाऱ्यावरच्या हवामान ठाण्यावर तिघं उरली: तुयारा, स्वयंपाक करणारी तिची आई ओक्दोस आणि ठाणेप्रमुख गेन्नादीकाका. तुयाराचं काम सोपं. खोरो ही खूण: दिसलं तर हवा स्वच्छ, नाही तर धुकं. नकाशाचं खातं वेगळं, हवामानाचं वेगळं; खूण बदलायचा हुकूम आलाच नव्हता.

घरच्या रीतीप्रमाणे मेलेल्याचा घास चुलीतल्या आगीला जातो. आई मात्र रोज उइबानचं ताट मांडायची.

"दाखला येऊ दे. जित्या पोराला आगीत जेवू घालू का मी?"

ऑगस्टात दाट धुकं उतरलं. तुयाराला स्वतःचे बूट दिसेनात. खोरो दिसलं.

"काका, जरा बाहेर या."

काकांनी डोळे चोळले. "दिसतंय ना? मग हवा स्वच्छ. कळवून टाक."

"काका, मला तुम्ही दिसत नाही आहात."

"मी खूण नाही, पोरी."

धुकं सरलं की बेट नसायचं. पुन्हा उतरलं की असायचं, आणि दर खेपेला अलीकडे. आधी कडे. मग दिव्याची लाकडी माची. मग ठिबकणारं पाणी ऐकू आलं, जुन्या चिखलाचा कुजकट वास आला. जिथवर बेट येऊन जाई, तिथवरचा किनाराही जाई. एका सकाळी गोदाम नव्हतं.

"नकाशात कुठे होतं?" काका म्हणाले आणि चहात साखर ढवळत राहिले.

पुढच्या धुक्यात माचीवर कुणीतरी उभं होतं. खांद्यावर बॅटरी.

"आई, ताट उचल गं. घास आगीला दे," तुयारा आत येऊन म्हणाली.

"दाखला आण, देते."

आईनं खिडकीकडे पाहिलंही नाही. "भिजला असेल," म्हणाली, आणि चुलीपाशी कोरडे मोजे ठेवले.

मग हाक आली. उइबान लहानपणी मारायचा तशीच.

काकांनी रेडिओचा आवाज वाढवला.

पायरीवर पाणी ठिबकू लागलं.

तुयारानं जिल्हा कचेरीला संदेश धाडला:

"धुके दाट. खूण स्पष्ट. विनंती, की उइबान स्लेप्सोव यास तत्काळ मृत घोषित करण्यात यावे. सदर इसम दाराशी उभा असून आई कडी काढत आहे."