हार घातलेली डच म्हातारी

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझं फ्रेमचं दुकान आहे. देव येतात, लग्नं येतात, पण सर्वांत जास्त येतात ते गेलेल्यांचे फोटो. दगडाबाई बारा वर्षं आमच्याकडे पॅकिंग करतात. म्हाताऱ्या माणसाची फ्रेम दिसली की चंदनाचा हार चढवायचा आणि मग कागदात गुंडाळायची, हे त्यांच्या हाताला सांगावं लागत नाही. तीच सवय नडली.

घोडबंदर रोडच्या संचिता मॅडम चित्रकला शिकवतात. त्यांनी एका जुन्या डच चित्राची प्रिंट फ्रेमला दिली होती. पांढरी टोपी, काळा झगा, पातळ ओठांची म्हातारी. "साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. हे चित्रकार शेजारपाजारची माणसंसुद्धा अशी रंगवायचे, की आत्ता बोलतील," मॅडम म्हणाल्या होत्या. मला मात्र ती बाई पहिल्यापासून आवडली नव्हती.

भर दुपारी त्यांच्या घरी कागद सोडला, तर म्हातारीला हार! मी ओशाळलो. मॅडम हसल्या, पाळण्यातल्या चार महिन्यांच्या लेकीला, प्राप्तीला तो हार दाखवला आणि काढून माझ्या हातात दिला. मी तो परत आणला.

दगडाबाईंचा चेहरा उतरला. "हार घातला म्हंजे बाय गेली. काढला म्हंजे... नाय गेली. असा परत नाय आणायचा रे, उत्तम."

मी म्हटलं, कामं करा.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. काचेला आतून वाफ धरते, बरोबर म्हातारीच्या तोंडापाशी. मी जाऊन मागची टेप सोडली. कागद कोरडा, काच कोरडी. पुन्हा टांगली, तर वाफ आली. विरली. परत आली. आणि मागे पाळण्यात... वाफ धरली की प्राप्तीचा श्वास अडकायचा, विरली की सुटायचा.

"डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "दादा... तुम्हालापण दिसतंय ना?"

मी चित्र उतरवायला गेलो, तर पोरीचा श्वास सुटेचना. परत टांगलं तेव्हा सुटला, आणि मी दुकानातून हार आणायला स्कूटर पळवली. माजिवड्याला गाड्या हलत नव्हत्या. मी भर रस्त्यात चित्रातल्या त्या परक्या बाईला हात जोडले.

हार घातला, उदबत्ती लावली. हार देताना दगडाबाईंनी शिकवलेलं म्हटलं, "आई, तू गेलीस. आता पोरीला सोड." वाफ विरली. प्राप्ती खणखणीत रडली आणि मीही रडलो, त्यात लाज कसली.

आठ दिवस सगळं ठीक होतं. आज सकाळी पुन्हा मॅडमचा फोन.

"दादा, काचेला परत वाफ आलीय."

"आतून?"

"नाही... बाहेरून. हार तसाच आहे. आणि आता पाळण्याशेजारच्या खिडकीलापण धरलीय. तेवढीच... तोंडाएवढी."